तानुनं न मोजलेल्या वाती

तानु माही धाकटी बहीण. मायबापाच्या पोटी आमी दोघंच जगलो. त्यातला पुंजाराम म्हणजे मी थोरला, अन् नुसता वयानंच थोरला नाही. पंचक्रोशीत माह्यासारखी कापसाची पऱ्हाटी कोणाची नव्हती, माह्यासारखे बैल कोणाचे नव्हते, अन् माह्या बहिणीसारखी बहीण तं कोणाचीच नव्हती. मी पंतोजीकडे बाराखडी अन् पावकी-निमकीपर्यंतच शिकलो, म्हणून लिहिण्यात चूकभूल असन तं वाचणाऱ्यानं सावरून घ्यावं. गोष्ट मात्र खरी हाये. तिच्या मनातलं जे काही इथं लिहिलं, ते तिनंच मले मागून सांगितलं, कापूस पिंजता पिंजता, थोडं आज, थोडं उद्या.

ते दिवस कापसाचे होते. सात समुद्रापल्याड गोऱ्यागोऱ्यायची आपसात लढाई लागली म्हणत. तिकडचा कापूस बंद झाला अन् विलायतेच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडे तोंड करून बसल्या. अमरावतीच्या बाजारात बंडी उभी कराले जागा भेटत नव्हती. अकोल्याकडे आगगाडीच्या नव्या सडकेवर माती पडून राहिली होती. ज्याचं वावर काळ्या मातीचं, तो राजा. माह्या बैलायच्या शिंगाले पितळेच्या शेंब्या होत्या, अन् चांद्या नावाचा जो पांढरा बैल होता, त्याले पाहाले नांदगाव खंडेश्वराहून लोक येत.

तानु तेव्हा माह्याच घरी होती. तिचा नवरा लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तापानं गेला, अन् मी बंडी जुंपून तिले घेऊन आलो. आमच्यात विधवेचा पाट लावतात. दोन चांगली ठिकाणं मी आणली, एक तं खुद्द अकोल्याचं. ती म्हणे, "दादा, राहू दे." एवढंच. तानु बोलायचीच कमी. कापूस वेचायची, हातचरखीवर बसून रुई अन् सरकी वेगळी करायची, माह्या बायकोच्या, गोदाच्या हाताखाली घर पाहायची. देवळात गेली तं सगळ्यायच्या मागं उभी राहायची. घंटेले हात पुरत असून वाजवायची नाही.

देव तिले कसा वाटायचा, हे मी एकदा इचारलं. म्हणे, "मोठ्या गावच्या पाटलावानी. काम पडलं तं जावाचं, हात जोडाचे, दुसऱ्याच्या तोंडून बोलाचं, अन् त्याची नजर पडाच्या आत निघाचं." हे दुसऱ्याचं तोंड म्हणजे आमच्या गावचे वामनभट. माणूस चांगला होता. सोवळं कडक, पण पोटात काही ठेवायचा नाही. कोणत्या देवाले काय लागते, कोणत्या दिवशी काय चालत नाही, सगळं त्याले पाठ. तानुले वाटायचं, एवढं पाठ असल्याशिवाय देवापुढं उभं राहणंच चुकीचं हाये.

मंग मले पटकी झाली.

अमरावतीहून रिकामी बंडी घेऊन आलो अन् दारातच पडलो. त्या उन्हाळ्यात पटकीनं गावच्या गावं झाडून नेली होती. मले नेणं काही सोपं नव्हतं, पण पोटरीत गोळे आले, डोळे खोल गेले, अन् गोदानं हंबरडा फोडला. तानु रडली नाही. ती तशीच अनवाणी वामनभटाच्या घरी गेली अन् म्हणे, "महाराज, देवाले काय बोलू? माहा दादा चालला."

वामनभट म्हणाले, "महादेवाला लक्ष वातींचा नवस बोल. स्वतःच्या हातानं वळलेल्या."

तानु देवळात गेली, अन् महाराजांनी सांगितलं तसंच, शब्दाले शब्द, बोलली. मी वाचलो. उठून बसलो तं पहिली ज्वारीची पेज मागितली, अन् दुसरं इचारलं चांद्याचं. गाव म्हणे, अशी खणखणीत तब्येतच गावात दुसरी नाही. पण गोदानं मनात पक्की गाठ मारून ठेवली की आपलं कुंकू या वातीयवर टांगलं हाये. वाती पुऱ्या झाल्या तं राहीन, नाही तं तुटीन.

वामनभटानं तानुले नेम सांगितले. कापूस घरच्या वावरातला पाहिजे. आंघोळ करून, धुतलं लुगडं नेसून बसायचं. वळताना बोलायचं नाही. एका वातीले एकदा महादेवाचं नाव. शंभराची एक जुडी, अन् मोजणीत चुकलं तं ती जुडी बाद. रोजच्या वाती रोज संध्याकाळी देवळातल्या परातीत जाळायच्या, अन् शेवटची रास त्रिपुरी पौर्णिमेले सगळ्या गावापुढं.

आता तानुले विसाच्या पुढं मोजता येत नव्हतं. तिनं तिचंच एक काढलं. विसाच्या पाच ढिगल्या झाल्या की एक जुडी, अन् एका जुडीले सरकीचा एक दाणा एका गाडग्यात टाकायचा. जाळलेल्या वातीची राख होते, पण गाडग्यातला दाणा राहते. हिशेब मोठा चोख. ते गाडगं तिनं बैलायच्या कोठ्यात, वरच्या फळीवर ठेवलं, कावून की घरात लेकरं कशालेही हात लावत.

ओसरीवर बसून ती वाती वळायची. पहिले महिने कसे गेले ते तिनं सांगितलं, "दादा, तोंडात महादेव अन् मनात वीस. कोनी हाक मारली, कोंबडी आडवी गेली, की आकडा सुटे. मंग ती जुडी बाद. मले तं सपनात बी ढिगल्या दिसत." रोज संध्याकाळी ती परात पेटवायची, शे-दोनशे ज्योती एकदम उठायच्या, सगळी पिंड उजळायची, अन् ही बाई पाहायची कुठं? आपल्या बोटायकडं, की आज किती झाल्या.

आमच्या गावात नत्थुजी म्हणून एक म्हातारा होता. त्याले थट्टेशिवाय जेवण जायचं नाही. तो ओट्यावरून जाता जाता इचारे, "काय वो तानुबाई, महादेव कोठवर आला?"

तानु बोलू शकत नव्हती, नेम होता. मान हलवायची.

"तोंडाले कुलूप लावलं काय वो? बरं हाये बाप्पा! आमच्या म्हातारीले बी सांगा हा नवस!"

असे चार महिने गेले अन् पोळा आला.

पोळ्याच्या दिवशी बैलाले कोणी हटकत नाही, हे आमच्याकडच्या लेकराले बी माहीत हाये. त्या दिवशी बैल घरचा देव. माह्या चांद्याले मी सकाळीच धुतला, हळद-तूप चोळलं, झूल घातली, शेंब्या घासून अशा चमकवल्या की डोळे दिपावे. तोरणाखाली त्याच्या तोडीचा एक बैल नव्हता, हे मी नाही, गाव म्हणे. वापस आणून त्याले कोठ्यात मोकळाच सोडला. पोळ्याले दावं कशाले? अन् आमी सगळे पुरणपोळीवर बसलो.

तानु पाण्याची बादली घेऊन कोठ्यात गेली. पाहते तं चांद्यानं मान उंच करून फळीवरचं गाडगं खाली पाडलेलं, अन् मोठ्या आवडीनं सरकी चाटून राहिला. बैलाले सरकी म्हणजे आपल्याले श्रीखंड. मागून गोदा धावत आली, तिनं हात उगारला, अन् हात तसाच राहिला. पोळा होता. दोघी उभ्या राहिल्या, अन् चांद्यानं शेवटचा दाणा जिभेनं टिपून घेतला. मंग तानुनं काय करावं? तिनं त्याले हात जोडले. दुसरं काही सुचलंच नाही तिले.

गोदा म्हणे, "आता वो बाई?"

तानु वामनभटाकडे गेली. त्यायनं डोकं खाजवलं, पोथी उघडली, मिटली. म्हणाले, "मुली, तुझा दोष नाही. पण मोजणी गेली म्हणजे नवस पहिल्यापासून. शास्त्र आहे, मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी तानु आंघोळ करून ओसरीवर बसली. मी वावरात गेलो होतो, गोदा विहिरीवर. समोर पिंजलेला कापूस. हात पुढं जाईना. एवढे महिने तोंड बंद ठेवून, एवढं नाव घेऊन, काय उरलं? बैलाच्या पोटात गेलं. तिच्या डोळ्याले पाणी आलं, अन् त्या पाण्यासंगंच तोंडातून शब्द निघाले. नेम मोडला. ती एकटीच मोठ्यानं म्हणाली:

"तुले तं माहीत हाये न किती झाल्या? तुह्याच पुढं जाळल्या सगळ्या. मंग तूच मोज. मले मोजनं जमत नाई."

बोलून गेली अन् जीभ चावली. महादेवाले 'तू'! मधी कोणी नाही, सोवळं नाही, मंत्र नाही, अन् वरून हुकूम! ती मान खाली घालून बसली, की आता काही तरी कोसळते. काही कोसळलं नाही. एक कोंबडी आली, कापसात चोच मारली, अन् पुंजका चोचीले चिकटवून शिंकल्यावानी करून पळाली. तानुले हसू आलं. नवरा गेल्यापासून ती एकटी असताना कधी हसली नव्हती, असं म्हणे. हसत हसतच तिनं एक वात वळली, मंग दुसरी. त्या दिवशी तिनं दाणा टाकला नाही. गाडगं धुतलं अन् त्यात मीठ भरून ठेवलं.

त्याच्यानंतर ती वाती वळता वळता बोलाले लागली. ओठातल्या ओठात. लोकायले वाटे, जप चालू हाये. जप नव्हताच तो. ती त्याले सांगे, आज दादा अमरावतीले गेला, भाव चढला, तं आता घरी येऊन उड्या मारीन. वहिनी काल उगाच बोलली, पण तिचं बी पोट दुखत होतं. म्हैस पान्हवत नाही. अन् एक दिवस तिनं सांगितलं, जे मले बी कधी सांगितलं नव्हतं, की माह्या नवऱ्याचं तोंड आता मले आठवत नाही. आवाज आठवते, चालणं आठवते, तोंड आठवत नाही. हे कोणाले सांगावं? बायकोनं नवऱ्याचं तोंड विसरावं, हे पाप हाये का, असं इचाराले ती वामनभटाकडे जाणार होती. गेली नाही. इथंच सांगितलं, अन् सांगून चूप बसली.

ते चूप बसणंच खरी गोष्ट हाये, असं ती म्हणे. मी इचारलं, "मंग काय झालं? देव बोलला काय?"

"नाई दादा. कोनी बोललं नाई."

"काही दिसलं?"

"काई नाई."

"मंग वो?"

तिनं लय येळ कापूस चाचपला. मंग म्हणाली, "तू हातचरखीवर कधी बसला नाई, तुले कसं सांगू? एकटी बाई बसली तं दांडा जड जाते. समोरून कोनी येऊन दांड्याले हात लावला, तं मान वर कराची गरज नाई. हाताले समजते. तसं झालं. मी मान वर केलीच नाई."

मी मोठा माणूस, चार बाजार पाहिलेला. पण असं काही कुठं ऐकलं नव्हतं. मी नुसतं म्हटलं, "माही बहीण हायेच तशी."

तिले आता देवळात जायची भीती राहिली नाही. पुढं बी उभी राहात नव्हती अन् मागं बी नाही. जागा भेटन तिथं. संध्याकाळी परात पेटवली की बोटायकडं न पाहता ज्योतीकडं पाहे. ते किती झालं, किती उरलं, हे तिच्या मनातून असं गेलं होतं, जसा पाय बरा झाल्यावर माणूस काठी कुठं ठेवली ते विसरून जाते. कोणी इचारलं तं म्हणे, "चालू हाये." अन् मी त्या 'चालू हाये'वर भरवसा ठेवला.

दुसऱ्या सालची पऱ्हाटी अशी आली की वावर पांढरं दिसे. दसऱ्याले मी जाहीर केलं की त्रिपुरी पौर्णिमेले माह्या बहिणीच्या लाख वाती पुऱ्या होतात, अन् त्या दिवशी सगळं गाव माह्या दारी जेवीन. अमरावतीच्या बाजारात सांगितलं. अकोल्याच्या सोयऱ्यायले निरोप धाडले. एका माणसाच्या जीवासाठी लाख वाती! कोणाच्या जीवाले लागल्या होत्या एवढ्या? घरी येऊन तानुले म्हटलं, "त्रिपुरीपर्यंत होऊन जाईन न वो?"

ती म्हणे, "दादा, वाती तं पुष्कळ झाल्या."

मी म्हटलं, झालं. पुष्कळ म्हणजे लाखच.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारपासून देवळाच्या आवारात माणूस मावत नव्हतं. बुंदीच्या कढया उतरत होत्या. अकोल्याचे सोयरे फेटे बांधून बसले होते, अमरावतीचा दलाल पुढच्या सतरंजीवर होता. तांब्याच्या मोठ्या परातीत शेवटच्या वातीयची रास, तुपानं भिजवलेली. मी अन् गोदा जोड्यानं पाटावर बसलो. माहा फेटा त्या दिवशी लाल होता, जरीच्या काठाचा. तानु बाजूले, धुतल्या पांढऱ्या लुगड्यात. दिवस कलला तशी वामनभटानं पूजा आटोपली, अन् तानुच्या हातावर पळीभर पाणी घातलं.

"आता म्हण, मुली. 'भावाच्या प्राणासाठी बोललेल्या लक्ष वाती आज पूर्ण झाल्या.' अन् पाणी सोड."

असं काही म्हणावं लागते, हे तानुले माहीतच नव्हतं. तिले वाटलं होतं, रास पेटवायची अन् घरी यायचं. पाणी हातावर तसंच राहिलं.

"म्हण."

तानु हातावरच्या पाण्याकडं पाहात राहिली. लोकायले वाटलं, लाजली. मागून नत्थुजी म्हणे, "अवो, लाख वाती वळताना तोंड बंद होतं, आता उघडा न बाप्पा! बुंदी निवून राहिली!"

लोक हसले. हसणं थांबलं तेव्हा तानु म्हणाली, "महाराज, मी मोजल्या नाई."

"म्हणजे?"

"पोळ्यापासून मोजल्याच नाई. मांगच्या सालच्या पोळ्यापासून."

देवळात एकदम गलका झाला. कोणी म्हणे, आता मोजा. पण मोजतील काय? बाकीच्या तं रोजच्या रोज जळून गेलेल्या. कोणी म्हणे, मंग लाखाच्या वरच असतीन. कोणी म्हणे, अन् कमी असतीन तं?

वामनभटानं हात वर केला. मी आधीच म्हटलं, माणूस चांगला होता. ते तानुकडे वाकून हळूच म्हणाले, "हे बघ, पूजेत काही कमीजास्त झालं तर क्षमा मागायचा मंत्र असतो. तो मी म्हणतो, त्याची काळजी नको. तू फक्त 'पूर्ण झाल्या' एवढं म्हण. एवढी माणसं बसली आहेत. भावाचा जीव आहे."

गोदा माह्या बाजूच्या पाटावरून उठली. तिनं तानुचे दोन्ही खांदे धरले. "बाई, म्हना वो. एकच शब्द हाये. तुमाले तुमचा खरेपना पाहिजे, मले माहा नवरा पाहिजे. यायले काई झालं तं मी कोनाच्या तोंडाकडे पाहू?"

तानुनं माह्याकडे पाहिलं. हे मी कधी विसरणार नाही. तिले बी भेव वाटून राहिलं होतं. नवस तिनंच बोलला होता, माह्यासाठी, अनवाणी धावत जाऊन. अन् शब्द म्हटल्यानं भाऊ वाचत असन, तं एक खोटा शब्द काय मोठा? तिनं मनातल्या मनात इचारलं, काय करू? आतून काही उत्तर आलं नाही. कधी येतच नव्हतं. पण जो रोज समोर बसायचा, तो तेव्हा बी बसलेला होता, एवढं तिले समजलं. अन् त्याच्यादेखत तिले खोटं बोलता येईना.

ती म्हणाली, "महाराज, तुमाले म्हनीन, वहिनीले म्हनीन, साऱ्या गावाले म्हनीन की लाख झाल्या. पन हे पानी त्याच्यापुढं सोडाचं हाये. तो तं वाती वळताना माह्याजवळच होता. त्याले किती झाल्या ते माहीत हाये. त्याच्या तोंडावर कशी सांगू?"

"कोण होता जवळ?" वामनभट म्हणाले.

तानुनं पिंडीकडे नुसती मान केली.

अकोल्याचा सोयरा बाजूच्याले म्हणे, "बाईचं डोस्कं फिरलं वाटते." हे माह्या कानावर पडलं, अन् मी पाटावरून उठलो. लोक सांगतात, पुंजाराम तेव्हा असा उभा राहिला की फेटा देवळाच्या कमानीले लागला. मी म्हटलं, "कोनाचं डोस्कं फिरलं? माह्या बहिनीचं? तिनं मोजल्या नाई म्हटलं, तं मोजल्या नाई! अन् जवळ होता म्हटलं, तं होता! तुमच्यापैकी कोनाजवळ बसला तो कधी? जीव माहा हाये न? मंग मी सांगतो, जे होईन ते होऊ द्या. तानु, ठेव ते पानी खाली, अन् पेटव!"

गोदानं पदर तोंडाले लावला.

वामनभटानं पळी-पंचपात्र बाजूले सारलं. म्हणाले, "संकल्पाशिवाय मला मंत्र म्हणता येणार नाही. पण दिवा लावायला मंत्र लागतो असंही कुठं लिहिलेलं मला माहीत नाही. लाव, मुली."

तानुनं पाणी आवारातल्या तुळशीच्या मुळाशी घातलं अन् रास पेटवली. तुपाचा भडका असा उठला की पुढच्या सतरंजीवरचा दलाल मागं सरकला. मंत्र नाही, घंटा नाही. नुसता वातीयचा तडतड आवाज. तिचे ओठ हलत होते. काय म्हणत होती, ते तिनं मले कधी सांगितलं नाही, अन् मी बी इचारलं नाही. अर्धे लोक न जेवता उठून गेले, नवस अपुरा म्हणून. राहिलेल्यायनं दुप्पट बुंदी खाल्ली, नत्थुजीनं तिप्पट.

गोदा तानुले मागंच सोडून निघाली. घरी आली, लेकरायले निजवलं, अन् माह्या उशापाशी बसून राहिली.

सकाळी माहे डोळे उघडले तं गोदाचा हात माह्या नाकापुढं. श्वास पाहून राहिली होती. मी म्हटलं, "जित्ता हावो न मी!" ती उठली, बाहेर गेली. उठली, बाहेर गेली. तिच्या मनात काय होतं ते मले कळत होतं: आज राहिला, पण उद्याचं काय, परवाचं काय. मी दातण घेऊन दारात आलो तं पाहतो काय, तानु नेहमीसारखी ओसरीवर वाती वळत बसलेली. नवस संपला होता, कोणी सांगितलं नव्हतं, तरी बसलेली. अन् गोदा तिच्यापुढं उभी.

गोदा म्हणे, "बाई, तो तुमचं आयकते म्हनता न. मंग त्याले माह्यासाठी एक शब्द टाका. तुमच्या दादासाठी."

तानुनं कापसाचा एक पुंजका तिच्या हातावर ठेवला. "मी कशाले? तुमीच बसा न वहिनी."

"मले कोठी येते बोलता? काय म्हनू? मंतर येत नाई, अभंग येत नाई."

"मले तरी कोठी येते? काई बी बोला. मी म्हशीचं सांगते त्याले."

गोदा इकडे तिकडे पाहात खाली बसली. मी दाराआड झालो. तिनं कापूस बोटानं ओढला, पहिली वात वाकडी झाली, ती मोडली, दुसरी घेतली. तानु मान खाली घालून आपली वात वळत राहिली. मंग गोदा घसा खाकरून, पाहुण्याशी बोलावं तशी, म्हणाली:

"मी गोदा. पुंजारामाची बायको." थांबली. "त्या मानसाचं तोंड लय मोठं हाये. बढाया मारते, कोनाचं आयकत नाई, काल देवळात बी आयकलं नाई. तुमी पाह्यलंच असन." अन् मंग हातातली वात खाली ठेवली. "पन राहू द्या वो त्याले. जसा हाये तसा राहू द्या."

तोंडातलं दातण चावत मी तिथंच उभा राहिलो. कोठ्यात म्हैस धारेसाठी ओरडून राहिली होती. गोदा उठली नाही. तिनं डोळे पुसले, कापसाचा दुसरा पुंजका घेतला, अन् "अजून एक सांगाचं हाये," म्हणून पुढं बोलाले लागली.